फळ्याकडं तोंड करून

"ओढणी झटक," सर माईकवर म्हणाले.

माईक बंद करायचं त्यांना सुचलं नाही, की सुचूनही केलं नाही, मला माहीत नाही. शहरातल्या मस्तगड भागातल्या त्या क्लासचा हॉल गच्च भरलेला. सामान्य ज्ञान स्पर्धेची शेवटची फेरी. अकरा प्रश्नांची अकरा उत्तरं मी बरोबर दिली होती, म्हणून मी अंगावर मोबाईल लपवलाय असा सरांना संशय. पहिल्या नंबराला वर्षभर क्लास फुकट. त्याच्यासाठीच मी बदनापूरहून सकाळच्या गाडीनं आले होते. तलाठी भरतीची तयारी घरी बसून करत होते, आणि फी भरून क्लास लावणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

मी ओढणी झटकली. आज लिहितानाही लाज वाटते. झटकायला नको होती.

मग क्लासच्या मॅडमनी माझी पिशवी टेबलावर उपडी केली. भाकरीचा डबा, रेल्वेचं तिकीट, दोन पेन, कागदात गुंडाळलेलं पॅड. कागद सुटला. पुढच्या रांगेतली पोरं हसली. मॅडम बाई असून त्यांनी ते झाकलं नाही. फोन निघाला नाही, कारण फोन नव्हताच. घरात एकच, साधा बटनांचा, आणि तो आईकडं.

"फोन न्हाई, तर इतकं बराबर कसं येऊन राह्यलं तुला?" सर म्हणाले. "आजकाल कोण पाठ करतं? सगळं मोबाईलात हाये. आन तुमच्या भीमनगरात कोण बसतं अभ्यासाला?"

भीमनगर. फॉर्मवर मीच पत्ता लिहिला होता. अकरा उत्तरं एका बाजूला आणि तो एक शब्द दुसऱ्या बाजूला. त्यांच्या पोरांच्या हातात मोबाईल असला की ती हुशार. माझा हात रिकामा, तरी चोर मीच.

कोण बसतं म्हणे. आमच्या विहारात संध्याकाळी वंदना झाली की कुणीच लगेच उठत नाही. ज्याला जे नवीन कळलं असेल त्यावर तो प्रश्न विचारतो. ज्याला उत्तर येत नाही, त्यानं दुसऱ्या दिवशी विहार झाडायचा. लहान होते तेव्हा मी आठ-आठ दिवस लागोपाठ झाडलाय. झाडावं लागू नये म्हणून वाचायला लागले. भजी बांधून आलेला पेपर वाचला, जुनी गाईडं वाचली, दुकानातल्या पोत्यावरची अक्षरं वाचली. सरांना हे सांगावंसं वाटलं, पण ते हॉलकडं वळले होते.

"चला, एक चान्स देऊ हिला," सर हॉलला म्हणाले. "फळ्याकडं तोंड करून उभी राहा. हात मागं."

मी उभी राहिले. तीही लाज माझीच.

पाठीमागून सरांचा आवाज आला. "बदनापूरच्या संशोधन केंद्रातली, पांढऱ्या दाण्याची तुरीची जात सांग."

"बीडीएन सातशे अकरा."

सर हसले. "चूक. सातशे आठ. हे बघा, मोबाईलवर हाये."

सगळा हॉल हसला आणि माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. माझी आई त्या केंद्रावर रोजंदारीनं जाते. प्रत्येक वाफ्यासमोर जातीच्या नावाची पाटी असते. सुट्टीत मी तिच्या जोडीला खुरपायला बसले आहे, शेंगा सोलल्या आहेत. आईला वाचता येत नाही. पाटी मी वाचायची, दाणा ती दाखवायची.

मी वळले. कुणी वळ म्हणालं नव्हतं.

"सर, सातशे आठ लाल असते. मी सोललीये."

"मंग मोबाईल खोटं बोलतो का?"

"मोबाईल बोलत न्हाई, सर. तुम्ही वरची एकच ओळ वाचली असेल. खालपर्यंत वाचा."

त्यांनी वाचलं नाही. मॅडमनी स्वतःचा फोन काढला, वाचला आणि सरांपुढं धरला. सरांचा चेहरा उतरला. ज्यांना स्वतःला काहीच माहीत नसतं, त्यांना मोबाईल कुठं चुकीचा वाचला हेसुद्धा कळत नाही. असा माणूस माझी झडती घेत होता.

"बरं बरं," सर म्हणाले. "पहिला नंबर तुझा. खूश? ये, फोटो काढू."

"आधी माईकवर सांगा, हिनं चोरी केली न्हाई म्हणून."

"आता ताणू नको, पोरी. बक्षीस भेटलं ना?"

"झडती माईकवर घेतली, सर. तेही माईकवरच सांगा."

त्यांनी माईक बंद केला. या वेळी बरोबर सुचलं.

मी पॅड कागदात गुंडाळलं, डबा उचलला आणि बक्षीस न घेता खाली उतरले. वर्षभराचा क्लास तिथंच राहिला. मला तो हवा होता, आजही त्याची हळहळ वाटते. पण तो घेतला असता, तर त्याच माणसापुढं रोज खाली मान घालून बसावं लागलं असतं.

आता आमच्या विहारातही पोरांकडं मोबाईल आलेत. दारात एक टोपली ठेवली आहे. आधी मोबाईल टोपलीत, मग प्रश्न. उत्तर दिल्यावर मोबाईल काढायचा आणि शेवटपर्यंत वाचून पडताळायचं. ही टोपली मी ठेवली.

भरतीची परीक्षा मी देणारच आहे. तिथं सगळ्यांसारखी माझीही तपासणी होईल, ती होऊ द्या. पण फक्त माझा पत्ता वाचून कुणी ओढणी झटक म्हणालं, तर मी झटकणार नाही. आणि फळ्याकडं तोंड करून आता उभी राहणार नाही.