त्यानं दारू सोडली

गोंदियाकडून मी बीड जिल्ह्यातल्या कडा गावी आले ती एका पिशवीनिशी. शाळा सातवीत सुटलेली, नवरा सोडून गेलेला. खानावळीच्या मालकिणीनं गाव विचारलं नाही की जात. परात पुढं सरकवून म्हणाली, "भाकरी येती का?" त्या दिवसापासून मागची खोली माझी. तिचे उपकार मी कसे विसरू? तिथंच तर घोटाळा झाला.

भांडी घासायला शिरूर कासारची एक बाई होती. एका दुपारी मालकिणीच्या दिरानं तिला कोठीत गाठलं. ती ओरडत, फाटक्या बाहीनं बाहेर पळाली. मागनं दीर चुलीपाशी आला. चालणं नीट, बोलणं नीट. गिऱ्हाइकाची उरलेली बाटली उचलली, चूळ भरली, थोडी सदऱ्यावर ओतली.

"काय बघायलीस? भाकर बघ."

संध्याकाळी भावकीची बैठक बसली. एक म्हातारा म्हणाला, "शुद्धीत असला तर पोलिसात देऊ. पेलेला असला तर घरातच मिटवू."

"तवा त्याच्या तोंडाला वास न्हवता," ती बाई म्हणाली.

म्हाताऱ्यानं मला विचारलं. मालकीण माझ्याकडं बघत होती. ती बाईही बघत होती.

"लई पेलेला हुता," मी म्हणाले.

सगळ्यांना हायसं वाटलं. दिराच्या हातावर बेलभंडार ठेवला, बेलाचं पान आणि हळद, आणि दारू सोडल्याची शपथ घ्यायला लावली. बाईच्या अंगाला हात लावणार नाही, अशी शपथ कुणी मागितली नाही. ती बाई शिरूरला निघून गेली, परत कामाला आली नाही.

त्यानं शपथ पाळली. पाळणारच. एरवी तरी तो कुठं पीत होता? पण गावात नाव झालं, माणूस सुधारला म्हणून.

गेल्या आठवड्यात भांड्यांना नांदूरघाटची नवी बाई आली. मालकीण तिला म्हणाली, "दिराला भिऊ नको. आता थेंब घेत न्हाई त्यो."

माझा हात परातीत थांबला. "वहिनी, तवा बी घेतली न्हवती. मागनं घेतली. माझ्यासमोर."

मालकीण आत गेली. नव्या बाईनं कामासाठी खोचलेला पदर सोडला.

"मग तवा कावून बोलली न्हाईस?"

"त्या खोलीसाठी," मी म्हणाले.

मला अजून कुणी जा म्हणालेलं नाही, तरी पिशवी भरून ठेवलीय. आधी शिरूरला, त्या पहिल्या बाईकडं जायचं. तिचं घर कुठल्या गल्लीत, हे शेजारी बसून काम करताना मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.