शेवटची गाडी येईपर्यंत

"अरे, हंड्रेड आला रे. बघ मंदार, म्हटलं होतं ना मी, हा हलणार नाही. पार्टी तुझ्याकडे."

अख्खं टेबल हसलं. दुधनीला धरणाच्या पाण्याकाठी पत्र्याच्या शेडचं हॉटेल. दहा-बारा जण. जाकिटं खुर्च्यांना टांगलेली, मोठ्या गाड्या बाहेर ओळीत, ताटात कोंबडीची हाडं. आणि मी दारात. माझ्या मागे माझी माय. डोक्यावर माझ्या रूम पार्टनरचं हेल्मेट, ते काढायचं कसं हे तिला अजून जमत नव्हतं. हातात पिशवी. पिशवीत ह्या सगळ्यांसाठी भाकरी.

हंड्रेड म्हणजे मी. माझी गाडी शंभर सीसीची म्हणून.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. भराभर लिहितोय, मागंपुढं झालं तर समजून घ्या. पण हे आतच ठेवलं तर मी फुटेन.

मी साक्रीकडचा, धुळे जिल्हा. इकडे गुजरातच्या सीमेला लागून सायली म्हणून गाव आहे, तिथे धाग्याच्या कारखान्यात आहे. मशीनवरच्या भरलेल्या बॉबिन उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. राहतो टोकरखाड्याला, एका खोलीत चौघं. मशीन कुणासाठी थांबत नाही. तुम्हाला ताप असो, घरनं वाईट फोन आलेला असो, बॉबिन भरली की तुम्ही पळायचं. आमच्या पायाला तीच सवय, दुसऱ्याच्या स्पीडने पळायची.

मंदार दादा आमच्याकडे मेंटेनन्सचा इंजिनियर, नाशिकचा. एकदा गेटवर त्याने माझी गाडी बघितली. जुनीच घेतलेली, पण मी तिला लखलखीत ठेवायचो. म्हणाला, "रविवारी काय करतोस? चल आमच्याबरोबर राईडला."

मी म्हटलं, "दादा, तुमच्या गाड्यांपुढं माझी कुठं पळणार?"

तो हसला नाही. हे मी विसरलेलो नाही, तो तेव्हा हसला नाही. टपरीवर बसवून चहा पाजला आणि ग्रुपचे नियम सांगितले. सगळ्यात लहान गाडी दुसऱ्या नंबरला, लीडरच्या लगेच मागे. लीडर आरशात तिला बघत चालवणार. ती जेवढी पळते तेवढंच सगळ्यांनी पळायचं. आणि जिथे रस्ता फुटतो तिथे लीडर बोटाने जमिनीकडे दाखवतो. त्याच्या मागच्याने तिथे थांबायचं, मागून येणाऱ्यांना वळण दाखवायला. सगळ्यात शेवटी जो असतो तो येईपर्यंत जागा सोडायची नाही. पाऊस पडो, दगड पडो, हलायचं नाही. कारण तू हललास तर मागचे चुकतील.

"आणि शेवटचा मी असतो," मंदार दादा म्हणाला. "मी उभ्या माणसाला सोडून पुढे जात नाही. कधीच नाही."

मी त्या रात्री झोपलो नाही आनंदाने. खरं सांगतो. कुणीतरी माझ्या स्पीडने चालणार होतं. साहेब लोक. माझ्या स्पीडने.

पहिल्या राईडला अद्वैत सरांनी पूर्ण नाव विचारलं. सर म्हणजे आमच्या प्लांटचे प्रोडक्शन मॅनेजर, पुण्याचे, ग्रुपचे लीडर तेच. मी आडनावासकट सांगितलं. त्यांनी बाजूच्याकडे बघितलं, बाजूच्याने त्यांच्याकडे. मग म्हणाले, "छान. आपण तुला हंड्रेड म्हणू." सगळे हसले, मीपण हसलो. त्यानंतर त्या ग्रुपमध्ये मला नावाने कुणी हाक मारली नाही. मंदार दादानेसुद्धा नाही. मला तेव्हा ते लाडाचं वाटलं. काय करणार, वाटलं.

पण राईडा मस्त व्हायच्या, खोटं कशाला बोलू. दादराच्या तळ्यापर्यंत गेलो, खानवेलला गेलो. मी फाट्यावर उभा राहायचो, गाड्या एकेक करून वळायच्या, प्रत्येक जण मान हलवून जायचा. शेवटी मंदार दादा दिसायचा, लाईट मारायचा. मग मी गाडी सुरू करून त्याच्या पुढे निघायचो. काय छाती फुगायची. मला वाटायचं मी आहे म्हणून हे सगळे बरोबर रस्त्याला लागतात.

मार्चमध्ये माय आली गावाहून. पहिल्यांदाच. मी ग्रुपवर विचारलं, रविवारी आईला मागे बसवून आणू का. सरांनी अंगठा टाकला. मंदार दादाने लिहिलं, आण की, आम्हालाही घरचं खायला मिळेल.

झालं. माय पहाटेपासून रूमवर स्टोव्हपुढे. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, गुळाच्या पुऱ्या. मी म्हटलं, "माय, एवढं कोन खाई?" ती म्हणाली, "तुना साहेब शेतस ना. दांडगा मानसं. खातीन."

रस्त्यात मी तिला हाताच्या खुणा शिकवल्या. खड्डा आला की पाय बाहेर, हळू व्हायचं असेल तर तळवा खाली. सायली सोडेपर्यंत तिला जमलं. पुढे सर तळवा दाखवायचे, मी दाखवायचो, आणि मागे बसलेली माझी माय, बांगड्या सावरत, तीपण दाखवायची मागच्यांना. मला आरशात तिचा हात दिसत होता.

खानवेलला चहा झाला. सर म्हणाले, "हंड्रेड, तू माझ्यामागे लगेच नीघ. बाकीचे येतील." मी निघालो. गावापुढे जंगलातल्या एका फाट्यावर सरांनी डाव्या हाताचं बोट जमिनीकडे केलं. इथे. मी थांबलो. सर डावीकडे वळले, सागाच्या झाडांत गेले. मी गाडी नीट लावली, रस्त्यावरून दिसेल अशी, आणि उभा राहिलो.

कुणी आलं नाही.

आधी वाटलं चहा लांबला. मग वाटलं कुणाची गाडी पंक्चर झाली. मोबाईलला रेंज नाही. ऊन चढलं. सागाची पानं गळून गेलेली, सावली म्हणून नाही. माय एका दगडावर बसली, पदर हेल्मेटवर घेऊन.

"तुना साहेब कोठे ऱ्हायनात रे?"

"येतीन माय. नियम शे. मंदार दादा येस तवलोंग हालानं नही."

"आनि तो नही उना ते?"

"येईच."

आणि मग मला भीती वाटायला लागली. माझ्यासाठी नाही. मंदार दादाला काही झालं असेल तर? घाटात कुठे पडला असेल, सगळे त्याच्यापाशी थांबले असतील. मागे जाऊन बघावं तर ते इकडून आले आणि मी नसलो तर चुकतील. मी मनात देवाला म्हणत होतो, दादाला काही होऊ देऊ नको. उन्हात उभा राहून. त्याच वेळी तो काय करत होता ते आता मला माहीत आहे.

पाण्याची बाटली संपली. मायने पिशवी सावलीत ठेवायला माझ्या गाडीखाली सरकवली, भाकरी वाळू नयेत म्हणून. स्वतः उन्हात.

शेवटी दुधनीकडून एक टेम्पोवाला आला. मी हात करून थांबवला. विचारलं, मोठ्या गाड्यांचा ग्रुप दिसला का, ॲक्सिडेंट वगैरे काही?

"शेनो ॲक्सिडेंट? ए लोको तो डॅम पासे जमवा बेठा छे, भाई. क्यारना."

केव्हाचे जेवायला बसलेत.

मायला गुजराती येत नाही. पण आमच्या अहिराणीला ती बोली एवढी परकी नाही. तिला कळलं. तिने गाडीखालून पिशवी काढली आणि मागे बसली.

म्हणून त्या हॉटेलच्या दारात आम्ही उभे होतो.

सरांनीच सांगितलं सगळं, हसत हसत, लपवायचं काही नाही असं. खानवेलवरूनच बाकीचे सरळ रस्त्याने गेले. सर आतल्या रस्त्याने वळसा मारून त्यांना मिळाले. त्या फाट्यावरून कुणी यायचंच नव्हतं. "अरे, तुझ्यामुळे साठच्या वर काटा जात नाही आमचा. आज तर डबलसीट. म्हटलं थोडं मोकळं चालवू. मंदार म्हणाला तासाभरात हा कंटाळून येईल. मी म्हटलं, नाही येणार. नियम म्हटला की हे लोक सोडत नाहीत."

हे लोक.

मी मंदार दादाकडे बघितलं. तो ताटात बघत होता. पैज लावणाऱ्यांत तो होता.

"मी येणारच होतो तुला घ्यायला," तो म्हणाला. "तेवढ्यात जेवण आलं."

जेवण आलं. एवढंच. मी त्याच्यासाठी देव आळवत होतो आणि तेवढ्यात जेवण आलं.

सर खुर्ची सरकवत म्हणाले, "बसा हो मावशी, उभ्या काय. काय आणलंय? द्या, चव तर बघू." आणि हात पुढे केला. माय तशीच आहे, कुणी मागितलं की तिचा हात आपोआप चालतो. ती पिशवीची गाठ सोडायला लागली.

मी तिचा हात धरला. "नको माय."

"राहू दे रे, खाऊ दे त्यास्ले."

"नको."

टेबलावरचं हसू जरा कमी झालं. सर म्हणाले, "काय झालं? मजा केली रे. एवढं काय मनाला लावून घेतो?"

मला मोठं काही बोलता येत नाही. मी एवढंच म्हणालो, "सर, तुमच्या मजेला दुसऱ्याची आई उन्हात बसवावी लागते का?"

सरांचा चेहरा बदलला. तोच चेहरा, जो मशीन बंद पडल्यावर फ्लोअरवर येतो. "नीट बोल. उद्या ड्युटीवर यायचंय ना?"

शूर वगैरे काही नव्हतो मी. घर माझ्या पगारावर चालतं. पण मायचा हात माझ्या हातात होता आणि तो तव्यासारखा गरम होता.

"येणार," मी म्हटलं. "माझ्या कामावर येणार. तुमच्या मागे नाही येणार. आणि मला नाव आहे, सर. तुम्ही विचारलं होतं, मी सांगितलं होतं."

आम्ही निघालो. मागून कुणी हाक मारली नाही.

येताना मी गाडी हळूच चालवली. खानवेल गेलं, मग मायने मागून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. मला वाटलं डोळा लागला तिचा. तर ती कानाशी म्हणाली,

"मी मांगे बसनू म्हनीसन गाडी धीमी झायी का रे भाऊ?"

मी गाडी बाजूला घेतली. उतरलो. रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो, तिला माझं तोंड दिसू नये म्हणून. त्या टेबलावरच्या हसण्याने जेवढं मोडलं नव्हतं तेवढं मी तिथे मोडलो. कारण तिने दोष शोधला होता, आणि तो तिला स्वतःत सापडला होता. आम्ही आयुष्यभर हेच करत आलोय. कुणी आम्हाला टाकून गेलं की आम्ही आमचं वजन तपासतो.

"नही माय," मी म्हटलं. "गाडी बराबर शे. त्या मानसं खोटा शेतस."

तिला पटलं नाही. मला दिसत होतं. गावाला गेली ती तसाच सल घेऊन. परत ये म्हटलं तर म्हणते, तू ये इकडे, मी कशाला तुला अडचण.

सोमवारी मंदार दादा मला कँटीनच्या मागे घेऊन गेला. म्हणाला, ग्रुप सोडू नको, सर विसरून जातील, पुढच्या वेळी तुला लीडर करू. एकदम प्रेमाने. पहिल्या चहाच्या वेळी बोलला होता त्याच आवाजात. मला समजलं की तो आवाजच तसा आहे, त्याच्या आत माझ्यासाठी काही नव्हतं.

"दादा," मी विचारलं, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"तोंडावर नको म्हणायला जड जातं रे. तुला वाईट वाटलं असतं."

मी त्यानंतर त्याला दादा म्हटलेलं नाही.

त्या आठवड्यापासून मला कारखान्याच्या टोकाच्या लाईनवर टाकलंय, जिथे हीटरची धग तोंडावर येते. कारण कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही, मला आणि सरांना ते माहीत आहे. मी बॉबिन उतरवतो, चढवतो, घाम पुसतो. काम सोडणार नाही. मी सोडावं हेच त्यांना पाहिजे.

आणि आता ऐका. पॅकिंगच्या एका पोरीने गाडी घेतलीय, तिला मंदारने गेटवर थांबवून विचारलं, रविवारी काय करतेस. मी बाजूलाच होतो. मी तिथेच, त्याच्या समोर, तिला सगळं सांगितलं. फाटा, ऊन, पैज, जेवण. तो म्हणाला, "जाऊ दे ना, झालं गेलं." मी थांबलो नाही. शेवटपर्यंत सांगितलं, त्यांची नावं घेऊन, माझं नाव घेऊन, मायचं नाव घेऊन.

तिचं तिने ठरवावं. मी कुणाला अडवणार नाही. पण सायलीत, टोकरखाड्यात, हे लोक ज्याला ज्याला चल म्हणतील, त्याच्या दारात मी आधी जाऊन उभा असेन. मला धगीवर ठेवा, नाहीतर गेटबाहेर काढा. मी सांगणार आहे.