यशोदाबाईंचे माळकरी मेंबर

"पोट बघून वाढावं, ताट बघून न्हाई."

हे यशोदाबाईंचं ठरलेलं बोलणं. चाकणला कांदा मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांची मेस होती, तेव्हापासूनचं. कंपनीत नवं लागलेलं पोरगं मेसला आलं की त्या आधी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत आणि मगच पळी आमटीत घालत. रात्रपाळी करून आलेल्याला भात कमी, कारण त्याला झोपायचंय. भट्टीपुढं उभं राहणाऱ्याला ताक जास्त. कुणी तिसरी भाकरी मागितली आणि ती त्याला जाणार नाही असं दिसलं, तर त्या अर्धीच टाकत.

"मावशी, मेंबर मी आख्खा हाय. भाकर का अर्धी?"

"एवढी संपव. मग भांड."

बहुतेकांची तेवढीच संपे.

नवरा मार्केटात हमाली करायचा. तो गेला तेव्हा समाधान अजून पाटी घेऊन शाळेत जात होता. मग आंबेगावच्या डोंगराकडची ही बाई चुलीपुढं बसली ती उठलीच नाही. तिच्या हातचं खाऊन किती पोरं गाडीघोडीवाली झाली, लग्नं करून गेली. समाधान पिठाच्या पोत्याला टेकून अभ्यास करायचा, तो इंजिनियर झाला. त्यानं पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत फ्लॅट घेतला, वाकडच्या ऑफिसात काम करणारी दिव्या घरात आली, आणि आईचे गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यानं मेस बंद करायला लावली. मोठी पातेली, परात, पाट सगळं सुमनला दिलं. ही सुमन त्यांच्याच हाताखाली पीठ मळायची; तिनं चाकणलाच स्वतःची मेस सुरू केली. यशोदाबाईंनी स्वतःपाशी फक्त पळी ठेवली.

नव्या घरात पळीला काम नव्हतं. सकाळी दोघं दुधात काहीबाही भिजवून उभ्यानं खात. रात्री दाराची घंटी वाजे आणि पिशवीतून जेवण येई. "आई, तुम्ही आराम करा," दिव्या म्हणायची. ती मनानं वाईट नव्हती. पण ज्या बाईनं जन्मभर ताटाआधी पोट पाहिलं, तिला बसून राहायला सांगणं म्हणजे काय, हे दिव्याला कुणी शिकवलं नव्हतं. घर चकचकीत होतं, नळाला पाणी होतं, आणि त्या घरात यशोदाबाईंच्या हातचं खाणारं कुणी नव्हतं.

मोशीच्या शेतीप्रदर्शनाला समाधान त्यांना एकदा घेऊन गेला. तिथं एका माणसानं टबातली माती उकरून तांबडी, सुतासारखी गांडुळं दाखवली. म्हणाला, घरातला ओला कचरा ही खातात. यशोदाबाई वाकून बघत राहिल्या. बाकीची माणसं पुढं गेली, ट्रॅक्टर बघायला. त्यांनी विचारलं, "किती खात्यात?"

तो माणूस हसला. "त्यांच्या वजनाच्या मानानं बरंच खातात, पण भूक असेल तेवढंच. जास्त टाकलं की सडतं, तापतं."

म्हणजे आपल्यासारखंच, यशोदाबाईंना वाटलं. गांडुळांची पिशवी त्यांनी मांडीवर घेऊन आणली, लेकरू आणावं तशी.

बाल्कनीतला जुना टब घेऊन त्यांनी बुडाला तापल्या सळईनं भोकं पाडली. खाली नारळाच्या शेंड्या, वर वाळका पाला, फाडलेला पेपर. गावठाणात अजून एक म्हशींचा गोठा टिकून आहे, तिथून शेण आणून ते थंड होईस्तोवर ठेवलं. मग गांडुळं सोडली आणि वर ओलं गोणपाट झाकलं. पहिले काही दिवस त्या काही न घालता नुसत्या बघत होत्या. नवी माणसं जागेला रुळू द्यावीत.

मग रोजचं वाढप सुरू झालं. भाजीची देठं बारीक चिरून, केळीची सालं, धुतलेला चहाचा चोथा. एका कोपऱ्यात मूठभर घालायचं आणि तिथलं संपल्याशिवाय दुसऱ्या कोपऱ्याला हात लावायचा नाही. लिंबू नाही, मीठ नाही, तिखट-तेल नाही, कांदा तर नाहीच.

"काय आजी, कांदा का नाही?" वॉचमन ज्योतीराम खालून पाला आणून द्यायचा, त्यानं विचारलं.

"माझे मेंबर माळकरी हायेत."

"आन् परवा अंड्याची टरफलं कुटत होता ती?"

"ती चालत्यात त्यांना. असले माळकरी."

टबातनं काळं, मऊ, पावसाळी रानाच्या वासाचं खत निघालं. यशोदाबाईंनी ते तळहातावर घेऊन समाधानच्या नाकापुढं धरलं. तो कॉलवर होता. त्यानं मान हलवली आणि अंगठा दाखवला.

यंदाच्या गणपतीत सोसायटीनं पर्यावरणाच्या कुठल्याशा स्पर्धेत नाव घातलं. चेअरमन हरिहर, बँकेतून निवृत्त झालेला गोड बोलणारा माणूस, एका संध्याकाळी दारात उभा राहिला. हातात बाप्पाच्या गळ्यातला उतरलेला हार.

"मावशी, आपलं निर्माल्य यंदा नदीत जाणार नाही, तुमच्या टबात जाणार. परीक्षक बघायला येतील. सोसायटीची शान तुमच्या हातात."

"थोडं थोडं आणा," त्या म्हणाल्या.

आधी थोडंच आलं. त्या दोरे काढत, पाकळ्या मोकळ्या करत, मूठमूठ घालत. दिव्यानं फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ती चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "आई, सगळे विचारतायत तुमच्याबद्दल. मी सांगितलं, माझ्या सासूबाई आहेत." त्या एका वाक्यावर यशोदाबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाच्या पिठाच्या दशम्या केल्या, आणि दिव्यानं एक खाल्ली.

विसर्जनाच्या दिवशी गोण्या आल्या. झेंडू, दूर्वा, पत्री, केवडा, ओलंचिंब आणि गुलालानं माखलेलं. दोन पोरांनी गोण्या बाल्कनीत टेकवल्या. हरिहर मागून म्हणाला, "परीक्षक उद्या सकाळीच येतायत. सगळं टबात दिसलं पाहिजे बरं का."

यशोदाबाईंनी गोणीत हात घातला. हाताला कळलं होतं. हे पोटापेक्षा जास्त होतं, फार जास्त. पण देवाच्या अंगावरून उतरलेलं दारातून परत कसं पाठवायचं? पायदळी जाईल, कचऱ्याच्या गाडीत जाईल. आणि दिव्या दारात उभी होती, फोन धरून, हसत. जन्मात पहिल्यांदा यशोदाबाईंनी ताट बघून वाढलं. टब शिगोशीग भरला, वर कमळ ठेवलं.

परीक्षक आले, वाकून बघितलं, फोटो झाले. हरिहर मधोमध उभा होता.

तिसऱ्या दिवशी टबाला हात लावला तर चटका बसावा इतका तापलेला. त्यांनी पाणी शिंपडलं. वरचं काढायला हात घातला, आणि हातात आलेला गुलालानं माखलेला हार टाकायचा कुठं म्हणून पुन्हा तिथंच ठेवला. दिवसभर त्या गोणपाट भिजवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गांडुळं बाहेर आली. भिंतीवर, फरशीवर, कपड्यांच्या दोरीवर. ग्रिलच्या फटीतून खाली पडली ती चित्राताईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर. चित्राताई खालच्या मजल्यावर राहतात, कॉलेजात शिकवतात. त्या वर आल्या तेव्हा चादर हातात दूर धरली होती.

"समाधान, हे काय आहे? माझ्या घरात लहान मूल रांगतंय."

"सॉरी ताई. आत्ता साफ करतो."

"अहो, सांगा ना तुमच्या आईंना. हौस आहे मान्य, पण फ्लॅटमध्ये?"

ग्रुपवर हरिहरनं लिहिलं की वैयक्तिक कुंड्या-टबांची जबाबदारी ज्यानं त्यानं घ्यावी, सोसायटीचा संबंध नाही. दिव्यानं ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. तिनं उत्तर टाकलं नाही.

यशोदाबाई तेव्हा घरात नव्हत्या. मेंबरांना निवारा करायला गोठ्यावर थंड शेण आणायला गेल्या होत्या. घमेलं डोक्यावर घेऊन परत आल्या तर दारातच वास आला. बाल्कनीत फिनेल. फरशीवर, भिंतीवर आणि टबातसुद्धा. फरशीवरच्या पांढऱ्या पाण्यात झेंडू तरंगत होता. समाधान पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वायपर मारत होता.

"आई, दुसरा इलाज नव्हता. त्यांच्या घरात पडत होती."

त्यांनी घमेलं खाली ठेवलं. एक गांडूळ टबाच्या काठावर होतं, ते त्यांनी बोटानं उचललं. हललं नाही.

"टबात कशाला वतलंस? टबातली कुठं चालली होती?"

समाधाननं वायपर भिंतीला टेकवला. मग म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं एवढं घ्यायला?"

"हां. वाढलं मीच." त्या टबापाशी खाली बसल्या. "मेसला कोण उपाशी गेलं न्हाई, कोण जास्त वाढून मेलं न्हाई. ह्येच पहिलं."

"गांडुळं होती ती, आई."

"व्हय."

"आपण दुसरी आणू. किंवा तू खाली बागेत—"

"नको." त्यांनी त्याच्याकडं वर बघितलं, नव्या मेंबराकडं बघत तशा, पायापासून डोक्यापर्यंत. "सगळ्यांचं बघून वाढलं रं. तुझं तेवढं बघितलं न्हाई. तुला कायम जास्तच पडलं."

समाधानचा फोन वाजला. तो आत गेला.

दुपारी त्यांनी टब एकटीनं ओढत लिफ्टमधून खाली नेला आणि ज्योतीरामला सांगून कंपाउंडच्या कडेला खड्ड्यात रिता केला. वर माती लोटली. टब धुऊन बाल्कनीत पालथा घातला. मग कापडी पिशवीत दोन लुगडी, औषधं आणि पळी घातली.

"आई, कुठं निघालात?" दिव्यानं विचारलं.

"चाकणला. सुमनला भाकरी थापायला माणूस मिळंना."

"तिच्या हाताखाली?" दिव्याच्या तोंडून निघून गेलं.

"पोरं तर जेवायला असतील."

समाधाननं फोनवर हात ठेवला. "थांब जरा. कॉल संपला की सोडतो गाडीनं."

त्या थांबल्या नाहीत. खाली ज्योतीरामनं छोटं फाटक उघडलं आणि पिशवी घ्यायला हात पुढं केला, तो त्यांनी हातानंच बाजूला सारला. गुडघा धरत धरत, बसच्या थांब्याच्या दिशेनं, उन्हातून त्या चालत गेल्या. पिशवीतून पळीचा दांडा बाहेर आलेला होता.

वर बाल्कनीत समाधान कानाला फोन लावून उभा होता. पलीकडं कुणीतरी बोलत होतं, तो हो हो म्हणत होता. आईनं एकदा वर बघावं म्हणून तो ग्रिलला चिकटला होता. वळणावर दुकानाच्या पाटीआड ती दिसेनाशी झाली, तरी तो तिथंच होता. पायाखालची फरशी अजून ओली होती, आणि फिनेलचा वास जात नव्हता.