पडद्याची दोरी

माजिदाचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. बापूसाहेबांच्या पोहण्याच्या तलावावर आज बायकांच्या बॅचचा पहिला दिवस, आणि नेमका आजच पंप रुसून बसला होता. तिने बटण दाबलं, थांबली, पुन्हा दाबलं. मोटर साधी गुणगुणलीही नाही.

माजिदाचं माहेर उजनीच्या काठचं. म्हशीची शेपटी धरून ती पोहायला शिकली आणि लग्न होऊन सोलापुरात आल्यावर पाणी फक्त बादलीत बघत राहिली. तलावावर कामाला लागली तीही फरशी पुसायला. पण ते निळं पाणी रोज डोळ्यांसमोर असताना बाई गप्प बसते कुठली? तिने बापूसाहेबांच्या मागे भुणभुण लावली, तेव्हा कुठे ते म्हणाले, "एक दिवस बघू. गोंधळ झाला तर तो तास परत पोरांच्या बॅचला."

मग माजिदा घरोघर हिंडली. सासवांना, नवऱ्यांना शब्द दिला, सकाळी सात ते आठ आत पुरुषाचं पाऊल पडणार नाही. शेजारी इमारतीचं बांधकाम चाललेलं, वरून सगळं दिसायचं. म्हणून काल संध्याकाळी भिंतीवर बांबू उभे करून तिने हिरवा पडदा ताणला. शेवटची दोरी बांधायला खिळा मिळेना, तेव्हा हाताला लागलं त्याला गच्च गाठ मारून ती घरी गेली. रात्री वारं मात्र दांडगं सुटलं होतं.

आता आठ-दहा बायका कपडे बदलून काठावर बसल्या होत्या. पंप फिरल्याशिवाय पाण्यात औषध मिसळत नाही, आणि तोवर कुणी उतरायचं नाही, हा बापूसाहेबांचा नियम. बाकावर केराबाई बसली होती, त्यांच्यातल्या रुपालीची सासू. "मी काय पाण्यात यायची न्हाय. सुनेवर ध्यान ठिवाय आलीय," असं तिने आल्या आल्या सांगून टाकलं होतं. तिच्या नजरेने माजिदाला आणखीच घाम फुटत होता.

मिस्त्री सिद्धाराम फोन केल्यावर धावत आला, पण फाटकाबाहेर. आत घ्यावं तर दिलेला शब्द मोडतो, न घ्यावं तर बॅच जाते.

"तुमी हितनंच सांगा," माजिदा भिंतीशी उभी राहून म्हणाली.

"पंपाच्या खोलीत बत्ती लागती का?"

"लागते."

"तिची लाईन येगळी. लाल बटण बाहेर आलंय का बघा, मोटर तापली की येतंय. आलं आसंल तर दाबा."

ती पळत गेली, पळत आली. "आत हाय. मोटर गारढोण हाय."

"मग पंपापतूर करंटच पोचंना. चेंजओव्हर बघा की. लाईट आणि जनरेटरमधला तो मोटा दांडा. मधी तर न्हाय ना? मधी आसंल तर पंप बंदच."

माजिदा खोलीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर गेली आणि तिथेच खिळली. दांडा अगदी मधे होता. आणि त्याला गाठ होती, तिनेच मारलेली. रात्रभर वाऱ्याने पडदा फुगला आणि दोरीने दांडा ओढून नेला. तिला स्वतःचाच असा राग आला की सांगता सोय नाही.

तिने गाठ सोडली, दांडा लाईटकडे केला आणि बटण दाबलं. पंप धडधडला. बायका हसल्या आणि लगेच ओरडल्या, कारण पडदा खाली आला होता आणि वरच्या स्लॅबवरचे गवंडी इकडे बघत होते.

माजिदाने झेप घेऊन दोरी ओढून धरली. जवळचा पाईप प्लास्टिकचा, दोरी बांधली तर तुटणार. तिने ओरडून विचारलं तसा सिद्धाराम बाहेरून म्हणाला, "भितीत हूक बसवाय ड्रिल लागंल. दुकानातनं आणाय तास तरी जातोय." तासाने बॅचच संपणार होती. आणि दोरी धरून ती इथे उभी राहिली, तर पाण्यात उतरणार कोण? तिच्याशिवाय एकीलाही पोहता येत नव्हतं. माजिदाला रडू कोसळायचं बाकी होतं.

केराबाई बाकावरून उठली. तिने पदर कमरेला खोचला.

"आण हिकडं," ती म्हणाली. "जलमभर मेंढरं आवरली, ह्ये फडकं काय मोटं. जा तू."

तिने दोरी मनगटाला गुंडाळली आणि पाय रोवून उभी राहिली. माजिदा पाण्यात उतरली. किती वर्षांनी! तिने रुपालीचे हात धरले. रुपालीच्या नाकातोंडात पाणी गेलं, ती खोकली आणि खदखदून हसली. घरात सून असं कधी हसत नव्हती, हे केराबाईला ठाऊक होतं. ती बघत राहिली, दोरी तसूभरही ढिली न करता.

आठ वाजता दोरी सोडली तेव्हा तिच्या मनगटावर लाल वळ उठले होते.

"त्या मिस्त्रीकडनं हूक आजच ठोकून घे," केराबाई म्हणाली. "उद्या मला दोरी धराय जमायचं न्हाय."

माजिदाचा चेहरा उतरला. "येणार नाही तुमी?"

"येनार की," केराबाई मनगट चोळत म्हणाली. "पन मी पाण्यात आसंन."