भिंतीवरच्या उलट्या गाड्या

लग्नानंतर मी आर्वीला आले, तेव्हा कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात आम्हाला काँक्रीटची एक खोली मिळाली होती. आधीच्या बिऱ्हाडानं रस्त्याकडच्या भिंतीत धुराच्या नळीसाठी ताटलीएवढं भोक पाडलं होतं. आमची चूल पडवीत, त्यामुळे ते बिनकामाचंच. पण दिवाळीनंतर त्यातून गार वारा यायला लागला, तोही नेमका सासूबाईंच्या खाटेवर. मांडीचं हाड मोडल्यानं त्या पावसाळ्यापासून पडून होत्या. माझ्याशी बोलणं कामापुरतंच.

एका सुट्टीच्या दुपारी ह्यांनी सिमेंट-वाळू कालवली. भोकाच्या कडा छिन्नीनं खरबरीत केल्या, मी पाणी मारलं. विटेचे तुकडे बसवत बसवत भोक बोराएवढं उरलं आणि माल संपला. हे वाळू आणायला गेले. बाहेर धूळ उडत होती, म्हणून मी दार-खिडकी लावली.

"पोरी, हे काय व्हय?" अंधारातून सासूबाई म्हणाल्या.

त्या भोकातून आलेल्या उजेडानं समोरच्या भिंतीवर रस्ता उतरला होता, उलटा. कापसाच्या गाड्या चाकं वर करून चालल्या होत्या, तळाशी फिकट निळं आभाळ. गाडी भिंतीवरून एकीकडे सरके आणि तिची घुंगरं दुसरीकडे वाजत जात.

हे आले, दार उघडलं, सगळं पुसलं गेलं.

"दार लाव पयले!" सासूबाई ओरडल्या.

ह्यांनीही पाहिलं आणि थापी हातात धरून खालीच बसले.

"एवढं राहू दे," त्या म्हणाल्या.

"वारा लागन तुले, माय."

"लागू दे. लई दिवस झाले, रस्ता नाई पाह्यला म्या."

मग हिवाळाभर दुपारी मी दार लावून त्यांच्या खाटेशी आडवी व्हायची. भिंतीकडे बघता बघता त्या बोलायला लागल्या. लग्नात बैलगाडीनं नदी ओलांडताना पाणी पायाला लागलं, ते सांगायच्या. माझा डोळा लागायचा, आणि गाड्या भिंतीवरून चालल्यात की झोपेतून, कळायचं नाही.

होळीच्या सुमारास त्या काठी टेकत उंबऱ्यापर्यंत गेल्या. तिथं बसून रस्त्याकडे पाहत लेकाला म्हणाल्या, "आता बुजवून टाक ते भोक."

ह्यांनी ते त्याच दिवशी बुजवलं. दुसऱ्या दुपारी सासूबाई दाराबाहेर बसल्या होत्या; मी सवयीनं दार-खिडकी लावली. नुसताच अंधार झाला. मग दार उघडून निवडायचे तांदूळ घेऊन बाहेर आले. सासूबाई सरकल्या आणि त्यांनी मला जागा करून दिली.