रिकामा हौदा आणि देवळाचा चढ

जपानमधल्या ओतारूत पत्ता विचारला तर माणसं आधी चढाचं नाव सांगतात, मग घराचं. सपाट रस्ता म्हणजे बंदराजवळचा तेवढाच. आणि मासे विकणाऱ्या फुसाए मिकामीची गिऱ्हाइकं नेमकी चढांवर राहणारी, त्यातली निम्मी गुडघ्यांनी अधू. त्यांना बंदरावर येणं होत नाही, म्हणून बंदरच त्यांच्या दारी जातं, फुसाएच्या छोट्या पांढऱ्या ट्रकमधून.

फुसाए सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, गळ्यात बारा महिने टॉवेल. बोलायला लागली की समोरच्याने आपलं तोंड मिटून घ्यावं हे बरं. मासा चिरताना गप्पा, तोलताना गप्पा, पिशवीत घालतानाही गप्पा. "माशाचे पैसे घ्या हवं तर, पण ऐकायचे पैसे आम्हाला द्या," असं लोक म्हणायचे. तरी ती एक दिवस आली नाही तर तेच लोक खिडकीशी उभे.

तिच्या ट्रकची एक खोड होती. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. हौदा भरलेला असला की मागची चाकं बर्फावरही रस्ता धरून चालायची. हौदा रिकामा झाला की तीच चाकं जागच्या जागी गरगर फिरायची. म्हणून हिवाळ्यात फुसाए उलटी सुरुवात करायची. सगळ्यात उभा चढ पहाटे, माल अंगावर असताना, आणि माल खपत जाईल तशी खाली खाली उतरायची.

तिचा मुलगा तेत्सुरो टायरच्या गॅरेजात कामाला. पहिला बर्फ पडायच्या आत निम्म्या गावाची चाकं त्याच्या हातून बदलून जायची. त्याने आईच्या हौद्यात मागच्या चाकांवर येतील अशी वाळूची पोती रचून दिली होती. वर दमही भरला होता.

"ही पोती हलवायची नाहीत. आणि सांगून ठेवतो आई, या हिवाळ्यात एकदा जरी अडकलीस, तर चावी माझ्याकडे. ट्रक विकायचा."

"मी काय काल गाडी शिकले?"

"बाबा होते तोवर मी कधी बोललो का? आता तू एकटी असतेस. कबूल कर."

फुसाएने नाक मुरडत कबूल केलं. ट्रक गेला तर दिवसभर घरात टीव्हीशी बोलत बसायचं, आणि टीव्ही तर मध्ये हूं सुद्धा म्हणत नाही.

वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. त्या रात्री घरोघर पानं मांडायची, आणि पानात सॅल्मन नाही म्हणजे वर्ष सरलंच नाही असं मानणारी ही माणसं. मागणी इतकी की हौद्यात मुंगीला जागा उरेना. फुसाएने पोत्यांकडे पाहिलं. "वाळू कुणी शिजवून खातं का?" असं स्वतःशीच म्हणाली आणि पोती उचलून शेडमध्ये टाकली.

त्यात घोळ असा झाला की देवळाच्या चढावरच्या ओकुनो आजींचा मासा बंदरावर उशिरा आला. आजींना अंड्यांनी भरलेलाच सॅल्मन लागतो, दुसरा चालत नाही. मग फुसाएने आधी खालच्या गल्ल्या केल्या. माल असा उठला की विकायला शेपूटही उरलं नाही. देवळाच्या चढाच्या तोंडाशी ती दुपारी आली तेव्हा हौद्यात आजींचा एक मासा होता आणि बाकी हवा.

चढाच्या तोंडाशी प्रत्येक गाडी थांबते आणि प्रत्येक गाडी निघताना चाक घासते. तिथला बर्फ पार काचेसारखा झालेला. फुसाएने दुसरा गिअर टाकला, हलकेच पाय दिला. ट्रक थोडा चढला, चाकं फिरली, आणि तो सावकाश मागे घसरत इतागाकी बाईंच्या फाटकापाशी येऊन टेकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने पाय जरा जोरात दिला, त्याने बर्फ आणखी गुळगुळीत झाला. कोपऱ्यावरच्या पेटीत गावाने ठेवलेली वाळू असते, पण वर्षअखेरीला सगळ्यांनीच पिशव्या नेलेल्या. पेटी रिकामी.

इतागाकी बाई फावडं घेऊन बाहेर आल्या. समोरून नोझुए काकाही आले. या दोघांचं कित्येक वर्षं पटत नव्हतं. कारण एकच, पहाटे कोण कुणाच्या बाजूला बर्फ ढकलतं.

"फुसाएबाई, काळजी नको," नोझुए काका म्हणाले. "तेत्सुरोला फोन केलाय. निघालाच तो."

फुसाएचा चेहरा पडला. "अहो काका, काय करून बसलात? आता तो चावी घेणार."

इतागाकी बाईंना सगळं सांगायला लागलं नाही, साऱ्या आळीला ती अट माहीत होती. त्या काकांकडे वळल्या. "जिथं तोंड उघडू नये तिथं बरोबर उघडतं तुमचं."

"मी भल्यासाठी केलं."

"वजन पाहिजे," फुसाए म्हणाली. "हौद्यात वजन पडलं तर चढेल. काहीतरी जड द्या."

इतागाकी बाईंनी हातातल्या फावड्याकडे पाहिलं, मग दारातल्या ढिगाकडे. "बर्फ चालेल?"

"भुसभुशीत नको. कडेचा कठीण घाला, मागच्या बाजूला."

मग काय विचारता. दारातला बर्फ फुकटात नेणारी गाडी या आळीने जन्मात पाहिली नव्हती. बाईंनी आपला ढीग उपसला, काकांनी आपला. "पुरे झालं तुमचं, आता माझा," असं म्हणत दोघं एकमेकांच्या आधी हौदा गाठायला बघत होते. फुसाए खालच्या वळणाकडे डोळे लावून फावडं मारत होती. हौदा काठोकाठ भरला. काकांनी मागच्या चाकांपुढे बाईंच्या शेगडीतली राख पसरली, आणि बाईंनी ती पसरू दिली.

फुसाए चढून बसली. दुसरा गिअर, पाय हलका. चाकांनी क्षणभर विचार केला आणि रस्ता धरला. ट्रक कण्हत कण्हत वर गेला, कुठेही न थांबता. ओकुनो आजी दारात स्टूल टाकून, घोंगडी पांघरून बसल्या होत्या. "कधीपासून बसलेय मी," त्या रागावून म्हणाल्या, मासा दाबून पाहिला आणि एकदम हसल्या. एरवी फुसाए अर्धा तास बसली असती. आज पाणीही न पिता ती पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला न शिवता खाली उतरली.

खाली तेत्सुरो उभा होता. इतागाकी बाई आणि नोझुए काका त्याच्या दोन्ही बाजूंना.

"अडकली वगैरे काही नाही," बाई म्हणत होत्या. "आम्हीच थांबवलं तिला, बर्फ न्यायला."

"माझी नजर चुकली," काका म्हणाले. "वय झालं आता."

तेत्सुरोची नजर रस्त्यावर होती. टायरचा माणूस तो, बर्फावरच्या घासल्याच्या खुणा त्याला वर्तमानपत्रासारख्या वाचता येत होत्या. फुसाए खाली उतरली. दोघांनी तिच्यासाठी एवढं खोटं जुळवलं होतं, तिने नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. पण पोराचा चेहरा पांढरा पडला होता, आणि घाईत तो घरातल्या सपाता घालूनच आला होता.

"अडकले होते रे," ती म्हणाली. "तीनदा घसरले. तुझी पोती मी शेडमध्ये टाकलीयत." तिने चावी काढून पुढे धरली. बाईंनी कपाळाला हात लावला.

तेत्सुरोने चावीकडे पाहिलं. "फोनवर काका म्हणाले, तुझी आई देवळाच्या चढाशी. पुढचं ऐकायच्या आत मी निघालो. सगळ्या रस्त्यात मला वाटत होतं, तू गेलीस." त्याने चावीसकट तिचा हात मिटवला. "अडकलीस तर अडक. पण फोन तू कर. तुझा आवाज आला पाहिजे मला."

फुसाएने गळ्यातला टॉवेल काढला, त्याच्या ओल्या सपातांशी वाकली आणि पाय पुसू लागली. तो मागे सरायला बघत होता, ती सोडत नव्हती. चावी तिच्याच मुठीत होती.