मोहाचं झाड कोणाचं?

मी सिनेमाच्या शाळेत गेले नाही. गोंडपिपरीत आमचा फोटो स्टुडिओ होता, तिथे लग्नाच्या शूटिंगा करता करता शिकले आणि पन्नाशीनंतर माहितीपट करायला लागले. आमचे हे आवाज घेतात. कानाला हेडफोन लावले की घरचं काही ऐकावं लागत नाही, म्हणून हे काम त्यांनी हसत हसत घेतलं असावं.

लग्नाच्या शूटिंगमधून आलेल्या माणसाला एक खोड असते. नवरदेवाला इकडे सरकव, मावशीला मागे कर, सगळ्यांना उजेडात आण. ती खोड मी तशीच जंगलात घेऊन गेले.

गडचिरोलीकडच्या एका गावात मोहफुलांवरच्या माहितीपटाचं काम चालू होतं. एक म्हातारी बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, रोज पहाटे फुलं वेचायची. तिचं झाड नाल्याच्या काठावर, मागे विजेचा खांब, खांबाला कोणाची तरी फाटकी छत्री टांगलेली. पन्नास पावलांवर दुसरं झाड मात्र असं डौलदार, की उन्हाची पहिली तिरीप थेट खाली पडलेल्या फुलांवर. मी म्हटलं, माय, जरा या झाडाखाली बसा. ती बसली. चार सकाळी बसली. शॉट सुरू व्हायच्या आधी ती काहीतरी बोलायची, पण मी घाईत. मोह काही माझ्यासाठी थांबत नाही.

माझा एक नियम आहे. ज्या गावात काम केलं, त्या गावाला आधी दाखवायचं, आणि गाव नको म्हणालं तर पुढे कुठेच नाही. चंद्रपूरला पंधरा दिवसांनी सिनेमा दाखवायचा कार्यक्रम ठरला होता. दुपारी शाळेच्या खोलीत खिडक्यांना चादरी बांधल्या आणि भिंतीवर दाखवलं. म्हातारी नवं लुगडं नेसून पुढेच बसली होती. ती भिंतीवर दिसली तशी खोली गप्प झाली. मला वाटलं, लोक भारावले. मागून एक भाऊ शांतपणे म्हणाला, "हे झाड तं आमचं होय."

त्या गावात मोहाची झाडं घराघरांची ठरलेली. कागद नाही, कुंपण नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. आणि मी त्या बाईला अख्ख्या गावासमोर, छान सोनेरी उजेडात, चोर करून बसवलं होतं. चंद्रपूरचं राहू द्या, तिला त्याच गावात राहायचं होतं.

उठली ती म्हातारीच. "मले बाईनं तिथी बसवलं, मी बसली. टोपली रोज कोनाच्या अंगनात रिकामी केली, ते तुह्या बायकोले पूस."

त्याची बायको मान हलवून हो म्हणाली. चारही दिवस आम्ही कॅमेरा गुंडाळून चहाला गेलो, की म्हातारी भरली टोपली त्यांच्या अंगणात ओतायची आणि मग आपल्या झाडाकडे जायची. भाऊ निवळला, पण अडून राहिला. आमाले समजलं, म्हणाला, पाहनाऱ्याले कसं समजन? तसं सिनेमात सांगा, नाई तं दाखवू नका.

मोहाचा हंगाम संपलेला. आता पुन्हा काय शूट करणार? घरी येऊन मी कपाळाला हात लावून बसले. आमचे हे जुनी पिशवीसुद्धा फेकत नाहीत, तर आवाज काय फेकणार! मी शॉटच्या तोंडाचा जो जो तुकडा कापला होता, तो त्यांनी काढून ऐकवला.

"हे झाड आमचं नाई, बाई."

त्यावर माझा आवाज. "राहू द्या न माय, उजेड मस्त आहे."

चारही सकाळी हेच. तुम्ही तेव्हाच काऊन नाही सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणतात कसे, "मले वाटलं, तुले ऐकू येऊन राह्यलं."

तोच तुकडा सिनेमात घातला आणि त्यापाठोपाठ त्या भावाच्या बायकोकडून कॅमेऱ्यासमोर सांगून घेतलेली टोपलीची गोष्ट. गावाला पुन्हा दाखवलं. भाऊ हसला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. चंद्रपूरला तर माझ्या त्या मस्त उजेडावर लोक इतके हसले की पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही. सगळ्यात मोठ्यानं हसत होते आमचे हे. म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. हसणं थांबल्यावर हळूच म्हणाली, "पुढच्या साली माह्या झाडाखाली ये."

गेले. नाला, खांब, छत्री, सगळं आलं. ती छत्री तेवढी काढून ठेवावी म्हणून हात शिवशिवत होते. ह्यांनी हेडफोन लावल्या लावल्या माझ्याकडे नुसतं पाहिलं. छत्री तशीच आहे सिनेमात.